खाणीच्या डंपवर रान परततंय का, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वणी, घुग्घुस, माजरी, राजुरा, उमरेड या विदर्भाच्या कोळसापट्ट्यातल्या आणि तुमसर-रामटेककडच्या मॅंगनीज खाणींजवळच्या गावांसाठी हे पान आहे. खाण खोदताना वरची माती, मुरूम आणि दगड काढून जे डोंगर रचले जातात, त्यांना इथे सगळे डंप म्हणतात, तोच शब्द वापरला आहे. डंपवरच्या झाडोऱ्याची नोंद ठेवू पाहणारे तरुण, शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि गायकी (गुराखी) जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

कंपनी झाडं लावते, वर अहवालही पाठवते. मग गावानं वेगळं मोजायचं कशाला?

अहवालात बहुतेक वेळा लावलेल्या रोपांचा आकडा असतो आणि हिरवं क्षेत्र किती हेक्टर झालं ते असतं. कोळसा खाणींची उपग्रहावरून पाहणी सीएमपीडीआय ही कोल इंडियाचीच संस्था करते. वर्षाला ५० लाख घनमीटरपेक्षा जास्त कोळसा आणि वरचा मलबा काढणाऱ्या खुल्या खाणींची पाहणी दरवर्षी होते, लहान खाणींची दर तीन वर्षांनी. हे काम उपयोगाचं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण आकाशातून हिरवा रंग दिसतो. तो रायमुनियाचा (घाणेरीचा) आहे की चारोळीचा, गाजरगवताचा आहे की मारवेलचा, हे त्यातून कळत नाही. झाडाखाली पिल्लं उगवली का, हे तर मुळीच कळत नाही.

ते खाली बसून, गवत बाजूला सारून बघावं लागतं. आणि तिथे रोज जाणारी, झाडं नावानं ओळखणारी माणसं गावातच आहेत.

मोजायचं नेमकं काय?

लावलेली रोपं किती जगली, हे पहिल्या तीन वर्षांत मोजाच. पण तिथेच थांबू नका. माझ्या मते डंपची खरी परीक्षा पाचव्या वर्षानंतर सुरू होते, आणि तिचा प्रश्न एकच असतो: कोणी न लावता तिथे काय उगवलं?

पाणी घालून, कुंपण करून, नांग्या भरून (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून) रोपवन चार-पाच वर्षं हिरवं ठेवता येतं. पण बी बाहेरून आलं, रुजलं, एक उन्हाळा काढला आणि पुढच्या पावसात परत फुटलं, हे पैसे देऊन घडत नाही. जमीन सुधारली असेल, सावली आली असेल आणि पाखरं-जनावरं फिरकू लागली असतील, तरच ते घडतं.

म्हणून आपसूक उगवलेलं प्रत्येक रोप कशावर बसून आलं, तेही वहीत लिहा. पळस, ऐन, धावडा, सावर, रुई यांचं बी वाऱ्यावर येतं. डंपच्या आसपास यांचं एखादं झाड असलं की ही मंडळी लवकर पोचतात. बोर, टेंभुर्णी, चार (चारोळीचं झाड) यांचं बी कोणाच्या तरी पोटातून यावं लागतं. पाखरं, कोल्हे, उदमांजर, वानरं, अस्वल यांपैकी कोणीतरी फळ खाऊन डंपवर आलेलं असतं. त्यामुळे टेंभुर्णीचं एक रोप दिसलं तर झाडाबरोबर जनावराचीही नोंद झाली असं समजा. मोहाचं बी जड. वटवाघळांनी फळ नेलं नाही किंवा माणसानं टोळ (मोहाचं बी) टाकली नाही, तर मोह डंपवर पोचायला फार वेळ घेतो.

वाऱ्यावर येणारी झाडं भरपूर आणि पाखरांनी आणलेलं एकही नाही, असं सलग काही वर्षं दिसलं, तर डंप रानापासून तुटलेला आहे. मधली पडीक जागा, नाल्याचा काठ किंवा धुऱ्यावरची (बांधावरची) झाडं कुठे कापली गेली, ते शोधा. उपाय बहुधा तिथे सापडतो.

चौकट टाकणं म्हणजे काय?

सगळा डोंगर मोजणं शक्य नसतं, म्हणून ठरावीक मापाचे तुकडे मोजायचे. गवत आणि लहान रोपांसाठी १ मीटर बाय १ मीटर, झुडपांसाठी ५ बाय ५, झाडांसाठी १० बाय १०. लहान चौकट पाण्याच्या प्लास्टिक पाइपचे चार तुकडे आणि चार कोपरे जोडून होते. मोठीला दोरी आणि खुंट्या पुरतात.

लहान चौकट मोजायला घाई करू नका. वणीकडच्या एका जुन्या डंपच्या उतारावर टाकलेली चौकट उभ्यानं बघितली तर नुसतं कुसळी गवत दिसत होतं. खाली बसून ठोंब बाजूला सारले तेव्हा तरोट्याच्या (टाकळ्याच्या) वाळल्या दांड्या दिसल्या, रानतुळशीचं एक झुडूप, दगडाच्या फटीत मुंग्यांनी काढलेली बारीक माती, आणि त्याच दगडाच्या उत्तरेकडच्या आडोशाला वीतभर पळस. खोडाला मागच्या वर्षीची वाळलेली कांडी आणि तिच्या बुडातून फुटलेला नवा कोंब. म्हणजे उन्हाळ्यात वरून जळाला होता, मुळातून परत आला. वहीत तो ‘पळस, आपसूक, किमान दुसरं वर्ष’ असा गेला. उभ्या-उभ्या मोजणाऱ्यानं तो सोडला असता.

दर चौकटीत एवढं लिहा: काय काय आहे, प्रत्येकाचे नग किती, लावलेलं की आपसूक, उंची, आणि चौकटीतली उघडी जमीन अंदाजे किती टक्के. मोठ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घ्या. उतारावर असाल तर वरच्या बाजूला उभं राहून मोजा. शास्त्रीय नाव येत नसेल तर अडू नका, गावातलं नाव लिहा, पानाफुलाचा फोटो काढा. नाव पुढे जुळवता येतं.

चौकटी किती आणि कुठे टाकायच्या?

आधी डंपचे भाग पाडा: माथा, उतार, पायथा. कोणता भाग कोणत्या वर्षी रचला ते खाणीत काम करणाऱ्या जुन्या माणसाला विचारा, कारण चार वर्षांचा उतार आणि पंधरा वर्षांचा उतार एकाच बेरजेत घेतले तर आकड्याला अर्थ उरत नाही. प्रत्येक भागात दहा लहान चौकटींपासून सुरुवात करा. नव्या चौकटीत नवी जात मिळेनाशी झाली की पुरे.

जागा आपण निवडायची नाही. नकाशावर चौकोन आखा, आकडे द्या, चिठ्ठ्या काढा. नाहीतर पाय आपोआप रस्त्याकडेच्या सावलीकडे वळतात आणि डंप आहे त्याहून चांगला दिसतो. चिठ्ठीत ओसाड, खडकाळ जागा आली तर तीच मोजायची. तिथे काही नसेल तर ‘काही नाही’ लिहायचं. ती नोंदही तितकीच महत्त्वाची.

मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. त्यामुळे मोठ्या तुकड्यांच्या कोपऱ्यांवर रंगवलेले दगड पुरा.

डंप पुढे उकरणार आहेत का, हेही आधी विचारून घ्या. नागपूरकडे गोंडेगावला मलब्यातून वाळू काढली जाते. तसा बेत असेल तर कायमच्या चौकटी दुसऱ्या भागात घ्या.

रोपं किती टक्के जगली, ते कसं काढायचं?

१० बाय १० मीटरचा तुकडा म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग. दोन-दोन मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी २,५०० रोपं, म्हणजे तुमच्या तुकड्यात २५. त्यातली १५ उभी असतील तर जगण्याचं प्रमाण ६० टक्के. मात्र नांग्या भरल्या असतील तर या वर्षी लावलेलं रोप पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरू नका. दरवर्षी मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावून आकडा तेवढाच दिसतो. म्हणून पहिल्या वर्षाच्या रोपांना पत्र्याची बिल्ली बांधा. तार सैल ठेवा, नाहीतर खोड आवळलं जातं.

कोणत्या महिन्यात मोजावं?

वर्षातून दोनदा. गवत आणि लहान रोपं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, कारण तेव्हा फुलोरा असतो आणि ओळख पटते. लावलेली रोपं जूनच्या पहिल्या आठवड्यात, मोठा पाऊस पडायच्या आत. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, आणि डंपवरचा काळा दगड हवेपेक्षाही जास्त तापतो. तो उन्हाळा काढून जे उभं आहे, तेच खरं जगलेलं.

उन्हाळ्यात पानं नसलेलं रोप मेलेलं समजायचं का?

नाही. सागवान, सालई, पळस, बेल यांची पानगळ होतेच. खोडाची साल नखानं थोडी खरवडा. खाली ओलं हिरवं दिसलं तर जिवंत. वाळलेलं दिसलं तरी बुडाशी परत एकदा खरवडून बघा, आणि मगच ‘मेलं’ लिहा.

सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी दाट वाढलीय. हे चांगलं की वाईट?

यावर गावागावांत वाद होतात, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं.

ताजा डंप ही साधी जमीन नसते. त्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो, अवजड डंपरांखाली माथा दगडासारखा दबलेला असतो आणि पाणी मुरायच्या आधी वाहून जातं. अशा ठिकाणी सुबाभूळ, गिरिपुष्प, शिरस, करंज अशी मुळांवर गाठी धरणारी झाडं हवेतला नत्र जमिनीत आणतात, पाला पाडतात, माती धरून ठेवतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मॅंगनीज डंपवर साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाच्या रसातून निघालेला गाळ) आणि मुळांशी राहणाऱ्या बुरशी-जिवाणूंची जोड देऊन झाडं उभी केली. त्या कामाचा धडाही हाच आहे: आधी मातीत जीव आणावा लागतो.

पण सुबाभळीचं बी भरमसाट पडतं आणि ती स्वतःचीच पोरं वाढवत राहते. त्या गर्दीत देशी रोपाला ऊन मिळत नाही. निलगिरीखाली तर पाला कुजायलाही वेळ लागतो.

म्हणून झाड कोणतं यावर भांडण्यापेक्षा त्याच्या सावलीत चौकट टाका. पाच-सात वर्षांच्या सुबाभळीखाली निंब, बोर, सीताफळ, टेंभुर्णी, बांबू यांची रोपं दिसत असतील तर ती दाईचं काम करते आहे, राहू द्या. नुसती सुबाभळीचीच पिलावळ असेल तर विरळणीची मागणी करा. एकदम सगळं तोडायला लावू नका, उतार उघडा पडतो. पट्ट्या पाडून, शेंगा धरायच्या आत काढायची आणि त्या पावसाळ्यात मोकळ्या पट्टीत देशी बी टाकायचं. कापलेला पाला बकऱ्यांना, गायींना थोडा थोडा, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या. सुबाभळीत मिमोसिन असतं, नुसत्या तिच्यावर ढोरं ठेवली तर केस गळतात, तब्येत बिघडते.

रायमुनिया, गाजरगवत, विलायती बाभूळ यांची नोंद करायची का?

जरूर, आणि वेगळ्या रकान्यात. तीन वर्षांत त्यांनी व्यापलेली जागा कमी होते की वाढते, एवढं बघा.

गवताला एवढं महत्त्व कशाला? झाडं मोजली तर पुरत नाही का?

पहिल्या दोन-तीन पावसांत उतार धरतं ते गवतच. झाडांच्या ओळींमधली जमीन उघडी असेल तर ओघळ पडतात, माती नाल्यात जाते आणि खालच्या वावरात मुरूम पसरतो. दरवर्षी पायथ्याच्या शेतकऱ्याशी बोला. त्याच्या धुऱ्याशी या पावसात किती गाळ आला, हे त्याला सांगावं लागत नाही.

दुसरं कारण कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०२० रोजी आदेश दिला की खाणकाम संपल्यावर खाणपट्ट्यात आणि खाणीमुळे बिघडलेल्या इतर जागेवर परत गवत लावायचं, आणि ती जमीन चारा, झाडोरा व जीवसृष्टी वाढेल अशा स्थितीला आणायची. ही अट खाणपट्ट्याच्या करारात, पर्यावरण मंजुरीत आणि खाण आराखड्यात घालायला सांगितलं. नुसती झाडांची रांग दाखवून ही अट पुरी होत नाही. चाऱ्याचा शब्द त्या आदेशात आहे, तो ग्रामसभेत वाचून दाखवा.

गवताची जात लिहाच. मारवेल, शेडा, पवना हे ढोरं आवडीनं खातात. कुसळी कोवळी असताना चालते, पण कुसळं धरली की तोंडाला टोचते. कोणतं गवत कुठे वाढलं हे गायकीएवढं कोणी सांगत नाही. त्याला नुसतं विचारू नका, मोजणीत सोबत घ्या आणि त्या दिवसाची मजुरी द्या.

डंपवर ढोरं चारली, तरोट्याची भाजी खाल्ली तर चालतं का?

पहिली तीन वर्षं चराई बंदच हवी. खुरांनी उतार ढासळतो आणि रोपं मोडतात. गवत कापून नेणं मात्र चांगलं, उन्हाळ्यात आगीला मिळणारं जळणही कमी होतं.

खाण्याबाबत सावध राहा. कोळशाची धूळ पानांवर बसते, त्यामुळे चालू खाणीच्या आणि डंपरच्या रस्त्याकडेची पालेभाजी घेऊ नका. मॅंगनीजच्या डंपवर किंवा जिथे पिवळट-तांबूस पाणी झिरपतं तिथे झाडाच्या आत धातू जाऊ शकतो, आणि तो धुतल्यानं निघत नाही. धातू साधारणपणे फळा-बियांपेक्षा पानात जास्त साठतो. अशा जागेची भाजी आणि चारा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय वापरू नका.

मातीत काय बघायचं?

तीन वर्षांतून एकदा सामू (माती आम्ल की अल्कली, त्याचा आकडा), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब तपासून घ्या. जवळच्या माती परीक्षण केंद्रात होतं. नमुना नेहमी त्याच जागांवरून, त्याच खोलीवरून घ्यायचा. शेजारच्या न खोदलेल्या रानातला एक नमुनाही सोबत द्या, नाहीतर आकडा कशाशी ताडणार?

प्रयोगशाळेशिवायही कळतं. पाला पुढच्या पावसाळ्यात अख्खाच पडून आहे की खालून काळा होऊन मातीत मिसळतोय? दगड उचलला तर खाली वाळवी, गांडूळ, गोगलगाय काही आहे? खड्डा खणल्यावर मुळं खाली जाताना दिसतात की दबलेल्या थरावर आडवी पसरलीत? शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. आडवी पसरलेली मुळं असतील तर झाडं आठ-दहा फुटांवर खुंटतात आणि वादळात मुळासकट पडतात.

उपग्रहाची चित्रं आम्हाला बघता येतात का?

येतात, फुकट. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० बाय १० मीटरचा असतो, म्हणजे तुमच्या मोठ्या चौकटीएवढाच. हिरवी पानं तांबडा प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतात. त्या फरकावरून हिरवेपणाचा एक निर्देशांक काढतात, त्याला एनडीव्हीआय म्हणतात.

हा आकडा वाचताना आपल्या रानाचा स्वभाव विसरू नका. विदर्भातलं जंगल पानगळीचं. एप्रिलमध्ये खरं सागवान-सालईचं रान करडं दिसतं, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीचा डंप गर्द हिरवा. म्हणजे उन्हाळ्यातला मोठा आकडा हा कधीकधी परक्या झाडांचाच आकडा असतो. ऑक्टोबर आणि एप्रिल, दोन्ही चित्रं शेजारच्या जुन्या रानाशी ताडा. ऑक्टोबरमध्ये हिरवा आणि एप्रिलमध्ये शेजारच्या रानासारखाच उतरलेला डंप दिसला तर मला आनंद होतो.

किती वर्षांत पहिल्यासारखं जंगल होईल?

पहिल्यासारखं आपल्या हयातीत होणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. नीट लागवड झाली तर चार-पाच वर्षांत सावली येते. मातीतला कर्ब शेजारच्या रानाएवढा व्हायला काही दशकं जातात. म्हणूनच ‘झालं की नाही’ असं न विचारता, मागच्या मोजणीपेक्षा कोणत्या बाजूला सरकलं ते बघायचं.

डंपवर जायला परवानगी लागते का? धोका काय?

लागते. खाणपट्टा ही बंदिस्त जागा आहे. सब एरिया मॅनेजरकडे ग्रामपंचायतीच्या पत्रासह लेखी अर्ज करा, खाणीचा माणूस सोबत मागा.

धोके खरे आहेत. कोळशाचे डंप आतून पेटतात. भेगांतून धूर किंवा वाफ, गंधकाचा वास, पिवळी पूड, जमिनीला चटका यांपैकी काहीही जाणवलं तर मागे फिरा, जागा फोटोसह कळवा. वरून घट्ट दिसणारी जमीन आत पोकळ असू शकते. पावसात उताराच्या खाली उभं राहू नका. ताडोबाच्या अंगानं, दुर्गापूर-पद्मापूरकडे, खाणीभोवतीच्या झुडपांत वाघ आणि बिबटे राहतात. तिथे चार-पाच जणांनी मिळून, ऊन चढल्यावर जा आणि चारच्या आत उतरा. शाळेच्या मुलांना डंपवर नेऊ नका. पायथ्याच्या बाहेरच्या धुऱ्यावर त्यांना चौकट टाकायला शिकवता येतं.

एवढ्या नोंदी करून पुढे काय?

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या खाणीला २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक कागद आहे. तो काढा, तुमच्या वहीशेजारी ठेवा. डंपचा एकूण उतार बहुधा २८ अंशांच्या आत ठेवायची अट असते, तीही तपासा.

कोळसा खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात (अट पुरी झाल्यावरच पैसे सुटणारं राखीव खातं) पैसे ठेवणं २००९ पासून बंधनकारक आहे. तेव्हा खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये धरले होते, नंतर दर वाढला. काम झाल्याची तपासणी झाली की त्यातले पैसे टप्प्याटप्प्यानं सुटतात. म्हणजे पैसे सुटायच्या वेळी ‘या उतारावर तीन वर्षांत आपसूक काही उगवलेलं नाही’ हे तारखा आणि फोटोंसह सांगणारी वही फार जड असते. आराखडा मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा.

नोंदींची एक प्रत गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. चांगलं दिसलं तर तेही लिहा आणि खाणीच्या पर्यावरण अधिकाऱ्याला कळवा. उणिवाच मांडणाऱ्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मनापासून काम करणारे अधिकारी मला भेटले आहेत. त्यांनाही हा पुरावा वर दाखवायला लागतो.

मोजणारी पोरं शहरात निघून गेली तर?

जातातच. म्हणून मोजणी एका हुशार पोरावर टाकू नका. दर वेळी एक अनुभवी आणि एक नवा अशी जोडी ठेवा, आणि त्यात बाया असू द्या. मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी रानात फिरणाऱ्या बायांना रोपं दोन पानांवर असतानाच ओळखू येतात. वही कागदाची, पेन्सिलनं लिहिलेली असावी, कारण पावसात शाई पसरते. प्रत्येक पानाचा फोटो त्याच दिवशी तिघांच्या मोबाइलमध्ये गेला पाहिजे. रंगवलेल्या दगडांचा नकाशा वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, आणि दर जूनमध्ये मोजणीच्या आधी दगडांना परत रंग द्या.